बझर एकच, इशारे दोन: बोटीचे इंजिन तापले आहे की ऑइलचा दाब पडला आहे?

पूर आलेल्या सिंदफणेत किंवा मांजरेत बचाव बोट उतरवल्यावर तिच्या मागच्या फळीला लावलेले ओबीएम (आउटबोर्ड मोटर) इंजिन मध्येच बझर वाजवू लागते आणि त्याचा वेगही आपोआप उतरतो, तेव्हा चालवणारा बहुधा पेट्रोल कमी पडते आहे असे समजून थ्रॉटल आणखी पिळतो. ही चूक महागात पडते, कारण वेग उतरणे ही बहुतेक नव्या इंजिनांची स्वतःला वाचवण्याची सोय असते. पुष्कळ इंजिनांत बझर एकच असतो. इंजिन तापले तरी तो वाजतो आणि ऑइलचा दाब पडला तरी तोच वाजतो. पॅनेलवर वेगवेगळे दिवे असतील तर निवाडा लगेच होतो, पण टिलर हँडलच्या, म्हणजे इंजिनालाच जोडलेल्या दांड्याने वळवायच्या, लहान इंजिनांवर असे दिवे असतीलच असे नाही. बझरची लय कंपनीगणिक बदलते, म्हणून आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतील ते पान आधीच वाचून ठेवावे.

फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइलच्या दाबाचा इशारा अधिक धोक्याचा असतो. दाब नसताना बेअरिंगवरचा ऑइलचा थर टिकत नाही आणि धातूवर धातू घासू लागतो; म्हणून दिवा ऑइलचा असेल तर इंजिन ताबडतोब बंद करावे. मात्र प्रवाहात इंजिन बंद केलेली बोट वाहत जाते, त्यामुळे पुढे बसलेल्या माणसाच्या हाताशी नांगर आणि वल्ही असलीच पाहिजेत. इंजिन उभे ठेवून काही मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पाहावी, कारण कलत्या इंजिनाचे माप खोटे निघते. पातळी कमी असेल तर ऑइल भरून इंजिन सुरू करावे आणि काही सेकंदांत बझर थांबला नाही तर ते बंद करावे, पुन्हा सुरू करू नये. पातळी योग्य असूनही बझर वाजत असेल, तर ऑइलचा पंप, फिल्टर किंवा सेन्सर यांपैकी कशात दोष आहे हे शोधणे मेकॅनिकचे काम आहे. तोवर वल्ह्यांनीच किनारा गाठावा. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर सतत मंद वेगावर चालवल्याने त्यात पेट्रोल उतरले असण्याची शक्यता मोठी आहे. टू-स्ट्रोक इंजिनात वेगळी ऑइल टाकी असेल तर हा इशारा बहुधा टाकी रिकामी होत आल्याचा असतो. तिच्यात टीसी-डब्ल्यू३ या, बोटीच्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीच्या, प्रतीचेच ऑइल घालावे, मोटारसायकलचे नव्हे.

तापल्याच्या इशाऱ्यात मात्र पाहण्याइतकी थोडी सवड मिळते. थ्रॉटल उतरवून गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार त्याच्या मागच्या बाजूने पडते आहे का ते बघावे. धार नसेल तर इंजिन बंद करून वर उचलावे आणि खालच्या भागातील पाणी ओढण्याची जाळी साफ करावी. मराठवाड्यातील पुराच्या पाण्यात पऱ्हाटी, उसाचे पाचट, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि काळ्या मातीचा गाळ असतो. पिशवी जाळीला चिकटली तरी पाणी थांबते. ठिबकच्या नळ्यांचे तुकडे पंख्यात (प्रोपेलरमध्ये) अडकतात, म्हणून पंखाही त्याच वेळी तपासावा. जायकवाडीच्या उथळ कडेला इंजिन अर्धवट वर करून चालवले तर जाळी पाण्याबाहेर येते, पाण्याचा पंप हवा ओढतो आणि इंजिन तापते. धार बारीक असेल तर आधी तिच्या छिद्रात पातळ तार घालून पाहावी. कधी कचरा तेवढ्याच जागी असतो. धार जोरात पडत असूनही बझर वाजत असेल तर पंप पाणी उचलतो आहे एवढेच सिद्ध होते. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप, अडकलेला असू शकतो. तापलेल्या इंजिनावर बादलीने गार पाणी ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो.

बचाव बोटींच्या बाबतीत तापण्याचे मूळ अनेकदा पुरात नव्हे, गोदामात असते. महिनोन्महिने पडून राहिल्यावर इम्पेलरच्या (पाण्याच्या पंपातील फिरत्या चकतीच्या) रबरी पात्या एका बाजूला वळून कडक होतात आणि जूनमध्ये 'इंजिन चालते का' हे पाहण्यासाठी ते पाण्याशिवाय सुरू केले की त्याच पात्या काही क्षणांत जळतात. ही चाचणी पाण्याने भरलेल्या पिंपात, जाळी पूर्ण बुडवूनच घ्यावी, आणि पडणारी धार मंद वाटली तर इम्पेलर पावसाळ्यापूर्वीच बदलून घ्यावा.