प्रार्थनेचा विषय आणि चघळायचा विषय

मिरजेच्या ख्रिस्ती वस्तीत घरगुती प्रार्थनेला बसलं की गायन होतं, शास्त्रवाचन होतं आणि मग विषय मागितले जातात. "अमक्यांच्या सुनेसाठी प्रार्थना करा हं, माहेरी निघून गेलीय म्हणे." यावर बराच वेळ बोलणं होतं. कधी गेली, का गेली, सासू काय म्हणाली. प्रार्थना मात्र दोन वाक्यांत उरकते.

ही विनंती होती की चहाडी? शब्द दोन्हीकडे तेच असतात, म्हणून भल्या माणसांचीही फसगत होते.

कुणाच्या चुकीबद्दल बोलूच नये, असं उत्तर पुष्कळ जण देतात. शास्त्र तसं सांगत नाही. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात सोळावं वचन म्हणतं, लोकांत चहाड्या करत फिरू नको. लगेच सतरावं म्हणतं, भावाचा मनातल्या मनात द्वेष करू नको, चुकत असेल तर त्याला समज दे. आणि अठरावं वचन म्हणजे 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर', जे येशूने दुसरी मोठी आज्ञा म्हणून सांगितलं. ही तीन वचनं एकापाठोपाठ आली आहेत आणि ती तशीच वाचावीत. "मी बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात" असं म्हणून आत कुढत राहणाऱ्यालाही सतरावं वचन सोडत नाही. आपण निंदा करत नाही याचाच ताठा चढलेली माणसं मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, कमी नसतात.

मग फरक कुठे पडतो? पहिला, कुणाला सांगितलं यात. मत्तय १८:१५-१७ मध्ये येशूने क्रम घालून दिला आहे: आधी त्याच्याकडे एकट्याने जा, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, तरीही नाही तर मंडळीला सांग. चहाडी नेमकी उलट्या टोकाने सुरू होते. आधी मंडळीभर होते, मग नातेवाइकांत, आणि जिच्याबद्दल आहे तिच्या कानावर शेवटी, तेही तिसऱ्याच्या तोंडून. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून इथल्या कित्येक ख्रिस्ती घरांत कुणी ना कुणी नर्स, कंपाउंडर होत आलं आहे. रोग्याचं दुखणं डॉक्टरला सांगणं आणि तेच व्हरांड्यात सांगणं यातला फरक या घरांना वेगळा शिकवावा लागत नाही.

करिंथ शहरातल्या मंडळीतली भांडणं प्रेषित पौलाला ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांकडून कळली. पौलाने पत्रात ते नाव उघड लिहिलं (१ करिंथ १:११). सांगणारे लपले नाहीत, आणि ज्याला सांगितलं तो ती भांडणं मिटवण्यासाठी काही करू शकत होता. "कुणीतरी म्हणत होतं" या वाक्यात यातलं काहीच नसतं.

दुसरा फरक आतला आहे आणि माझ्या मते तोच मोठा. लूक १८ मधल्या येशूच्या दाखल्यातला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात गप्पा मारत नव्हता, प्रार्थनाच करत होता. कर गोळा करणारा, लोकांच्या नजरेत पापी असा जकातदार त्याच्या प्रार्थनेत होता, पण मी याच्यासारखा नाही म्हणून देवाचे आभार मानण्यापुरताच. जकातदाराबद्दल तो खोटं बोलला असंही नाही. तरी येशू म्हणतो, नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. दुसऱ्याचं पडणं सांगताना आपण किंचित उंच झाल्यासारखं वाटलं, तर त्या बोलण्याला प्रार्थनेचं नाव देऊ नये. गलती ६:१ मध्ये पौल म्हणतो, पडलेल्याला सौम्यतेने सावरा आणि स्वतःकडेही लक्ष ठेवा, तुम्हीही मोहात पडाल. आपणही क्षमेवरच जगतो हे ज्याला रोज आठवतं, त्याला त्या सुनेची गोष्ट रंगवून सांगणं जड जातं. गर्व केवळ निश्चयाने मोडत नाही, तो वधस्तंभापुढे मोडतो.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायला हवी. घरात मारहाण होत असेल, लेकराशी कुणी वाईट वागत असेल, मंडळीच्या पैशात घोळ असेल, तर ते पोलिसांना किंवा जबाबदार माणसांना सांगणं ही चहाडी नव्हे. "मंडळीची बदनामी होईल" म्हणून पीडितेलाच गप्प बसवणारे मत्तय १८ चा आधार घेतात, तो चुकीचा आहे. मार खाणाऱ्या बाईला मारणाऱ्याकडे एकटीने जा असं ते वचन सांगत नाही.

बाकी वेळी, विषय सांगण्याआधी त्या व्यक्तीला विचारावं: "तुझ्यासाठी प्रार्थना मागू का? काय सांगू?" ती नको म्हणाली तर नाव न घेता एकट्याने प्रार्थना करावी, देवाला तपशील लागत नाहीत. आणि बोलणं आधीच होऊन गेलं असेल, तर देवाकडे क्षमा मागून थांबू नये. ज्या ज्या घरी बोललो त्या घरी परत जाऊन "मी ते सांगायला नको होतं" असं म्हणावं, आणि मग तिच्याकडेही जावं.