बर्लिनमधील किटा (पाळणाघर-बालवाडी) प्रवेश: अर्ज, कागदपत्रे आणि मूल रुळेपर्यंतचा काळ

जर्मनीत पहिला वाढदिवस झालेल्या प्रत्येक मुलाला शासनमान्य बालसंगोपनाची जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क १ ऑगस्ट २०१३ पासून आहे आणि देशात कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी कुटुंबांच्या मुलांनाही तो लागू होतो. मात्र हक्क असला तरी जागा आपोआप चालून येत नाही. अर्जाची पद्धत राज्यागणिक बदलत असल्याने येथे बर्लिनची प्रक्रिया दिली आहे.

घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. नोंदणी होताच आपल्या विभागाच्या युगेंडआम्टकडे, म्हणजे बाल व युवक कल्याण कार्यालयाकडे, किटा-गुटशाइनसाठी अर्ज करावा. हा अर्ज प्रवेशाच्या नऊ महिने आधीपासून करता येतो आणि सर्वसाधारणपणे किमान दोन महिने आधी तो पोहोचलेला असावा. गुटशाइन ही खर्चाची हमी आहे, जागेची नव्हे. किटा पालकांनाच शोधावी लागते. म्हणून गुटशाइनची वाट पाहत न थांबता त्याच काळात अनेक किटांकडे नाव नोंदवून ठेवावे.

अर्जासोबत पासपोर्ट, निवास परवाने, मुलाचा जन्मदाखला आणि पत्ता नोंदणीपत्र तयार ठेवावे. दिवसाला सात तासांपेक्षा जास्त वेळ हवा असल्यास नोकरी किंवा शिक्षणाचा पुरावा द्यावा लागतो. जर्मन भाषेचा वर्गही त्यात धरला जातो. संगोपनाचे शुल्क ऑगस्ट २०१८ पासून माफ आहे, जेवणासाठी दरमहा २३ युरो द्यावे लागतात.

गोवराच्या लसीचा पुरावा १ मार्च २०२० पासून सक्तीचा आहे. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला एक आणि दोन वर्षे पूर्ण झालेल्याला दोन डोस लागतात, आणि पुराव्याशिवाय किटा मुलाला घेऊ शकत नाही. भारतातील लसीकरण कार्डावर एमआर (गोवर-रुबेला) लसीच्या तारखा, सही आणि शिक्का स्पष्ट आहेत ना, हे निघण्यापूर्वीच पाहावे. तिथे पोहोचल्यावर ते कार्ड बालरोगतज्ज्ञांना दाखवून नोंदी जर्मन लसीकरण पुस्तिकेत करून घ्याव्यात आणि लसीकरणाबाबत सल्ला घेतल्याचे लेखी प्रमाणपत्रही त्याच भेटीत मागावे.

यापुढचा टप्पा कोणत्याही अर्जात लिहिलेला नसतो, पण मुलाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा आहे. अनेक किटांमध्ये बर्लिन पद्धतीने मुलाला हळूहळू रुळवले जाते. पहिले तीन दिवस आई किंवा वडील साधारण तासभर मुलासोबत वर्गातच बसतात आणि मूल सांभाळणाऱ्या ताईंशी स्वतःहून खेळू लागण्याची वाट पाहतात. चौथ्या दिवशी पालक निरोप घेऊन फार तर अर्धा तास बाहेर थांबतात. मात्र तो दिवस सोमवार असेल, तर सुट्टीनंतर लगेच ताटातूट नको म्हणून हा प्रयोग एक दिवस पुढे ढकलतात. ताईंनी जवळ घेऊनही रडू थांबले नाही, तर पालकांना काही मिनिटांतच आत बोलावतात आणि पुढचा प्रयत्न काही दिवसांनीच होतो. यात दोन-तीन आठवडे सहज जातात, कधी त्याहून जास्तही. जिला भोवतालचा एकही शब्द कळत नाही अशा मुलीला घाई करणे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूल घरी 'पाणी', 'शू', 'दुखतंय', 'झोप आली' हे जसे बोलते, तसे ते शब्द रोमन लिपीत अर्थासह लिहून पहिल्याच दिवशी ताईंना द्यावेत. घरात मराठीच बोलत राहावे. मूल खेळात गुंतल्याचे पाहून गुपचूप निघून जाऊ नये. 'येते हं' असे सांगूनच निघावे. नोकरीवर रुजू होण्याची तारीख ठरवतानाच हे आठवडे एका पालकासाठी मोकळे राहतील, असे मालकाशी आधी बोलून घ्यावे.