पी हाँगयान : फ्रान्सच्या बॅडमिंटनमागची पहिली पायरी

ऑगस्ट 2025 मध्ये पॅरिसला जागतिक बॅडमिंटन स्पर्धा झाली. तिथे टॉम जिकेल आणि डेल्फिन डेलरू या फ्रेंच जोडीने मिश्र दुहेरीत कांस्यपदक मिळवले. आपले लक्ष साहजिकच सात्विक आणि मुंबईच्या चिराग शेट्टीच्या कांस्याकडे होते. फ्रान्सचे यापूर्वीचे जागतिक पदक मात्र सोळा वर्षे जुने होते आणि ते आपल्याच हैदराबादेत मिळालेले होते. ते जिंकणारी खेळाडू म्हणजे पी हाँगयान. (चिनी रीतीप्रमाणे पी हे तिचे आडनाव.)

फ्रान्सचे या खेळाशी नाते जुने आहे. 1934 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला, तेव्हाच्या नऊ संस्थापक देशांत फ्रान्स होता. पण युरोपात बॅडमिंटन म्हटले की नाव यायचे डेन्मार्कचे, त्यानंतर इंग्लंडचे. फ्रान्समधल्या शाळांत हा खेळ भरपूर खेळला जातो, तरी जागतिक स्पर्धेत पदकाची पाटी दशकानुदशके कोरीच राहिली.

पीचा जन्म 1979 चा, चीनमधल्या चोंगचिंगचा. ती तिथल्याच प्रशिक्षणव्यवस्थेत घडली, पण पहिल्या फळीत तिला जागा मिळाली नाही. त्या काळच्या चीनमध्ये महिला एकेरीत शिरकाव होणे किती अवघड होते, हे एका गोष्टीवरून कळते : 2000 ते 2012 या चारही ऑलिंपिकमध्ये महिला एकेरीचे सुवर्ण चीननेच नेले. राष्ट्रीय संघाच्या दारापर्यंत पोचून परत फिरणाऱ्या मुली इतर कुठल्याही देशात अव्वल ठरल्या असत्या, आणि काही जणी खरोखरच ठरल्या. शू ह्वायवेन जर्मनीकडून खेळून दोनदा युरोपीय विजेती झाली, तर याओ जिए नेदरलँड्सकडून खेळली. पी फ्रान्सची झाली आणि पॅरिसला लागून असलेल्या इस्सी-ले-मूलिनोच्या क्लबमधून खेळू लागली. 'आयात खेळाडू' म्हणून अशा मुलींना हिणवणे मला पटत नाही. देश, भाषा, माणसे सगळे मागे टाकून पुन्हा शून्यापासून उभे राहायला जी जिद्द लागते, ती उसनी आणता येत नाही.

अथेन्स, बीजिंग आणि लंडन अशी तीन ऑलिंपिक ती फ्रान्सकडून खेळली. जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचांतही पोचली. 2007 मध्ये तिने ऑल इंग्लंड या प्रतिष्ठेच्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली आणि समोर आली चीनची शिए शिंगफांग. विजेतेपद शिएने नेले.

मग हैदराबाद, ऑगस्ट 2009. स्वाइन फ्लूची धास्ती होती आणि सुरक्षेचे कारण देऊन इंग्लंडचा संघ माघारी गेला होता. गचीबावलीच्या स्टेडियममध्ये प्रेक्षकांचा सगळा जीव सायनात गुंतलेला. उपांत्यपूर्व फेरीत सायना वांग लिनकडून हरली आणि आपल्या आठवणीतली ती स्पर्धा बहुधा तिथेच संपते. पण उपांत्य फेरीच्या चार खेळाडूंकडे पाहा. लू लान, वांग लिन आणि शिए शिंगफांग या तिघी चीनच्या, आणि चौथी फ्रान्सची पी. चोंगचिंगमध्ये जन्मलेली, वयाची तिशी गाठलेली. समोर पुन्हा शिए. पी पुन्हा हरली, पण बॅडमिंटनमध्ये उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघींनाही कांस्य मिळते. फ्रान्सच्या इतिहासातले ते पहिले जागतिक पदक.

पुढची वाट एकदम सोपी झाली नाही. 2017 मध्ये ग्लासगोला जागतिक स्पर्धेत फ्रान्सच्या ब्रीस लेव्हर्डेझने मलेशियाच्या दिग्गज ली चाँग वेईला पहिल्याच फेरीत घरी पाठवले, पण पदक आले नाही. त्यानंतर पोपोव्ह बंधू पुढे आले. त्यांचे कुटुंब बल्गेरियातून आलेले, वडीलच प्रशिक्षक. 2024 मध्ये एकोणीस वर्षांच्या ॲलेक्स लानिएने जपान ओपन जिंकली. जिकेल आणि डेलरू यांचे पदक या पिढीतले आहे आणि ते आले घरच्या प्रेक्षकांसमोर. पीला ते सुख मिळाले नव्हते. तिचे कांस्य पॅरिसपासून हजारो किलोमीटर दूर आले, सायनासाठी जमलेल्या गर्दीपुढे.