शेतमजुरीची चित्रं: वास्तववादी कुठलं, निसर्गवादी कुठलं?

बेळगावच्या एखाद्या प्रदर्शनात रोप लावणाऱ्या बायकांचं हुबेहूब चित्र लागलं, की बघणारा सहज म्हणून जातो, ‘काय वास्तववादी आहे!’ पुष्कळदा ते निसर्गवादी असतं. वास्तववादी चित्राला कष्टामागची परिस्थिती दाखवायची असते, निसर्गवादी चित्राला समोरचा एकच माणूस, दिसतो तसा, बारकाव्यानिशी. (के. बी. कुलकर्णींसारखे चित्रकलेचे शिक्षक लाभलेल्या शहराला हुबेहूबपणाचं कौतुक असणारच.) दोन्ही शैली एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये पाठोपाठ बहरल्या, दोन्हींनी शेतमजूरच रंगवला, गल्लत होते ती त्यामुळेच.

वास्तववादी फ्रेंच चित्रकार मिले याचं १८५७ चं चित्र घ्या. सुगी उरकलेल्या रानात तीन बायका सरवा वेचतायत. लांब मागे गंजी, भरलेली गाडी आणि घोड्यावरचा मुकादम. बायकांचे चेहरे धड दिसत नाहीत. मिले बरंचसं आठवणीतून रंगवायचा, नको तो तपशील गाळायचा. त्या तिघी कोण, हा त्याचा प्रश्नच नव्हता. गंजी कुणाच्या आणि सांडलेल्या लोंब्या कुणाच्या, एवढं त्याला दाखवायचं होतं. खानापूरकडे भातकापणीनंतर सरवा वेचलेल्या आज्जीला हे समजावून सांगावं लागणार नाही.

निसर्गवादी ज्यूल बास्तियाँ-लपाजने १८७७ मध्ये गवतकापणीतली विश्रांती रंगवली. गडी तोंडावर टोपी घेऊन आडवा झालाय, बाई पाय पसरून बसलीय, ओठ किंचित उघडे, डोळे सुन्न. समोर बसवली होती त्याच्या नात्यातलीच बहीण. हा चेहरा एकीचाच आहे, तो दुसऱ्या कुणाचा होऊ शकत नाही. पुढचं गवत काडी न् काडी दिसतं, मागचं रान पुसट होत जातं, क्षितिज इतकं वर की आभाळ जेमतेम उरतं. त्याचंच १८७८ चं बटाटे काढणीचं चित्र मेलबर्नला आहे. आपल्याकडे पावसाळी बटाटा निघतो तेव्हा ते मोबाईलवर उघडून बांधावर उभं राहावं. बुट्टी पोत्यात रिकामी करणाऱ्या त्या बाईची ओळख लगेच पटते.

मला मात्र लपाजपाशी थोडं अडायला होतं. बाई दमलीय हे तो अचूक सांगतो; तिला दमवलं कुणी, ते चौकटीबाहेरच राहतं. लेर्मित हा फ्रेंच चित्रकारही निसर्गवादीच, पण १८८२ च्या त्याच्या चित्रात कापणीवाल्यांना मजुरी वाटली जातेय. पैसे देणारा माणूसही तिथेच उभा आहे, आणि म्हणून ते मला मिलेच्या जास्त जवळचं वाटतं.