कोकण रेल्वेची कामाची शिस्त आली कुठून?

कोकण रेल्वेचं बांधकाम चालू असताना तिच्या कार्यालयांमध्ये उलटी मोजणी करणारी घड्याळं लावलेली होती. किती वाजले हे त्यांवर दिसत नसे. काम पुरं व्हायला किती दिवस उरले, एवढंच दिसे. रोज एक आकडा कमी व्हायचा, आणि तो साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या नजरेसमोर असायचा. पुढे दिल्ली मेट्रोतही हीच घड्याळं लागली. दोन्ही ठिकाणी ती लावणारा माणूस एकच: दोन्ही कामांचे प्रमुख असलेले रेल्वे अभियंते ई. श्रीधरन.

वरिष्ठाचा स्वभाव कर्मचाऱ्यांच्या कामात किती उतरतो, हा प्रश्न व्यवस्थापनाच्या वर्गांत हमखास निघतो. उत्तरात बहुधा परदेशी कंपन्यांची उदाहरणं येतात. आपल्या दारातलं उदाहरण रोहा ते मंगळूर ७६० किलोमीटर पसरलेलं आहे. मात्र त्याची सुरुवात श्रीधरन यांच्यापाशी होत नाही, ती बरीच मागे जाते.

कोकणात रेल्वे आणा, ही मागणी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीपासूनची. अ. ब. वालावलकरांनी तिच्यासाठी आयुष्य वेचलं. बॅरिस्टर नाथ पै यांनी ती संसदेत लावून धरली आणि १९७१ पासून राजापूरचे खासदार असलेल्या मधु दंडवत्यांनी पुढे नेली. गाडी सरकत होती, पण किती हळू! १९६६ मध्ये आपट्यापर्यंत आलेला लोहमार्ग रोह्याला पोचायला १९८६ उजाडलं, म्हणजे वीस वर्षं गेली. त्या वीस वर्षांत रेल्वेचे अभियंते काही कामचुकार नव्हते. दरवर्षी अर्थसंकल्पात पैशांचा एक चिमटा पडायचा, तो संपला की काम थांबायचं. प्रत्येक मोठा निर्णय दिल्लीला जायचा आणि तिथून सावकाश परत यायचा. अशा चौकटीत उत्तम माणूसही फायली ढकलणारा होतो. पुढे जे घडलं ते एकट्या श्रीधरन यांच्या खात्यावर मांडताना ही चौकट विसरली जाते, म्हणून आधीच सांगितलं.

डिसेंबर १९८९ मध्ये केंद्रात सरकार बदललं. मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले आणि दंडवते अर्थमंत्री. कोकणपट्टीशी नातं असलेली दोन माणसं नेमक्या दोन खात्यांवर एकाच वेळी बसली. त्यांनी रेल्वे बोर्डाच्या नेहमीच्या वाटेनं न जाता वेगळी कंपनी काढायचं ठरवलं. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं. भागभांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. उरलेला पैसा रोखे विकून उभा करायचा. आणि प्रमुख म्हणून नेमले ते रेल्वे बोर्डाचे सदस्य (अभियांत्रिकी) या पदावरून नुकतेच निवृत्त झालेले श्रीधरन. वय ५८.

फर्नांडिसांना हाच माणूस का हवा होता, याचं उत्तर १९६४ च्या डिसेंबरात आहे. त्या महिन्यातल्या चक्रीवादळानं रामेश्वरमला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या पांबन पुलाचे बहुतेक गर्डर, म्हणजे रूळ पेलणाऱ्या पोलादी तुळया, समुद्रात फेकले होते. पूल दुरुस्त करायला सहा महिने लागतील असा रेल्वेचा अंदाज होता. वरिष्ठांनी मुदत तीन महिन्यांवर आणली. बत्तीस वर्षांच्या श्रीधरन यांनी समुद्राच्या तळाशी पडलेले गर्डर वर काढून पुन्हा बसवले आणि ४६ दिवसांत पूल उभा केला. नवे गर्डर मागवून त्यांची वाट पाहत बसले असते तर कुणी बोट ठेवलं नसतं, नियमाला धरूनच ते झालं असतं. त्यांच्या कामाची रीत मला या एका निर्णयात सगळी दिसते: मुदत आधी, वाट नंतर शोधायची.

कोकणात हीच रीत मोठ्या प्रमाणावर लागू झाली. सगळा मार्ग सात विभागांत तोडला: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी. एकेका विभागाच्या वाट्याला साधारण शंभर किलोमीटर, आणि त्याला एक मुख्य अभियंता. जमीन ताब्यात घेण्यापासून बोगद्याच्या तोंडापर्यंत त्या पट्ट्यात जे घडेल त्याची जबाबदारी त्याची, आणि त्यासाठी लागणारे अधिकारही त्याचेच. माझ्या मते घड्याळापेक्षा मोठी गोष्ट हीच होती. आपल्या सरकारी कामात जबाबदारी खाली उतरते, अधिकार वरच राहतात. इथे दोन्ही बरोबर उतरले. माणसं निवडून घेतली, संख्या आटोपशीर ठेवली. ठेकेदाराचं बिल अडकवायचं नाही हा दंडक होता, कारण बिल अडकलं की ठेकेदाराचे कामगार पांगतात, आणि पांगलेली माणसं सह्याद्रीच्या कडेकपारीत पुन्हा गोळा करता येत नाहीत.

काम सोपं नव्हतंच. ९० च्या वर बोगदे, लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल, आणि साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा, जो तेव्हा देशात सर्वांत लांब होता. तरी कातळ परवडला, असं म्हणायची पाळी आणली ती मऊ मातीनं. गोव्यातल्या पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा, पण पाण्यानं भिजलेली चिकणमाती पुन्हा पुन्हा कोसळत राहिली. माणसं दगावली, खणलेलं बुजलं, परत खणलं. तिथे वर्षानुवर्षं टिकून राहिलेल्या अभियंत्यांना आणि मजुरांना घड्याळाच्या धाकानं धरून ठेवलं असेल, हे मला पटत नाही. आपला वरिष्ठ स्वतः इथवर येतो, अडचण सांगितली तर निर्णय देतो, आणि निर्णय चुकला तर तो आपल्या माथी मारत नाही, हा भरवसा असल्याशिवाय माणूस अशा जागी उभा राहत नाही.

अभ्यासकांनी या भरवशाचा माग बराच काळ काढला आहे. पुढारीपणाचे गुण जन्मजात असतात अशी समजूत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोरात होती. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या राल्फ स्टॉगडिल यांनी तोवरचे अभ्यास तपासून दाखवलं, की नुसत्या स्वभावगुणांवरून पुढारी ओळखता येत नाही, प्रसंगही पाहावा लागतो. १९७८ मध्ये जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी देण्याघेण्यावर चालणारा पुढारी आणि माणसांना स्वतःपलीकडे पाहायला लावणारा पुढारी असा फरक केला. १९८५ मध्ये बर्नार्ड बास यांनी तो कामाच्या ठिकाणी मोजण्याजोगा केला. मला यापेक्षा जवळचं वाटतं ते पाटण्याच्या जे. बी. पी. सिन्हा यांचं १९८० मधलं मांडणं. भारतीय कर्मचाऱ्याला वरिष्ठाकडून जिव्हाळा हवा असतो, पण तो फुकटचा असला की काम ढिलं पडतं; म्हणून आधी काम, आणि जो काम करील त्याच्या पाठीशी घरच्या वडीलधाऱ्यासारखं उभं राहणं, ही रीत इथे फळते, असं त्यांचं म्हणणं. श्रीधरन यांच्या कडक आणि मितभाषी वागण्याला हे वर्णन कुठल्याही परदेशी व्याख्येपेक्षा नीट बसतं.

२६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर गाडी धावली. १ मे १९९८ रोजी पंतप्रधान वाजपेयींच्या हस्ते लोकार्पण झालं. गणपतीला बोटीनं आणि पुढे एसटीनं हाल सोसत गावी गेलेल्या पिढ्यांना त्या दिवसाचं मोल वेगळं सांगायला नको. तरीही सुरुवातीला सांगितलेली मुदत पाळता आली नव्हती, ही नोंद ठेवली पाहिजे. पैशांची टंचाई, पेडण्यासारखे बोगदे आणि गोव्यातलं आंदोलन, तिन्हींनी वेळ खाल्ला. गोव्यात मार्ग किनाऱ्यालगतच्या वस्तीतून आणि खाजन (बांध घालून खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या) जमिनींतून जाऊ नये म्हणून लोक रस्त्यावर उतरले, काम थांबलं, १९९३ मध्ये ओझा आयोग नेमावा लागला. मुदतीशी बांधलेल्या संघटनेला विरोध म्हणजे अडथळा वाटतो. त्या लोकांना मात्र आपलं शेत आणि पाणी दिसत होतं. या शैलीची ही उणी बाजू आहे आणि ती खरी आहे.

दुसरी उणी बाजू पावसानं दाखवली. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळावर आली, कारवारहून मुंबईकडे येणारी विशेष गाडी तिच्यावर आदळली आणि पन्नासच्या आसपास प्रवासी गेले. वर्षभरानं, जून २००४ मध्ये, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. तोवर श्रीधरन दिल्ली मेट्रोत होते. कोकणातल्या डोंगरांच्या कापलेल्या कडा पुरेशा उतरत्या केल्या होत्या का, हा प्रश्न तेव्हा मोठ्यानं विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा होता. त्यानंतर कडा छाटल्या गेल्या, जाळ्या बसवल्या, पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवणारं वेगळं वेळापत्रक रुजलं.

दिल्लीतही एक प्रसंग असा आला. १२ जुलै २००९ रोजी जमरूदपूरला मेट्रोचा बांधकामाधीन भाग कोसळून सहा जण गेले. त्याच दिवशी श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो स्वीकारला नाही आणि ते कामावर परतले. ते २०११ च्या अखेरीस निवृत्त झाल्यावरही मेट्रोचं काम चालूच राहिलं. त्यांची वक्तशीरपणाची सवय तोवर त्या संस्थेची सवय झाली होती.

कोकणात ती सवय आज कुठे दिसते, असं कुणी विचारलं तर मी जूनमधल्या रात्रीकडे बोट दाखवीन. पावसाळा लागला की शेकडो गस्तवाले हातात दिवा घेऊन, डोक्यावर इरलं किंवा रेनकोट, रूळ आणि वरची कडा न्याहाळत आपापल्या टप्प्यात चालतात. त्यांच्या कामात मोजण्यासारखा आकडा नाही. रात्रभर काही घडलं नाही, म्हणजे काम झालं. पहाटे पुढच्या माणसाच्या हाती टप्पा सोपवायचा, संध्याकाळी परत निघायचं.