ग्रँड कॅन्यनजवळ फुकट मुक्काम नेमका कुठे चालतो?

"आरव्ही (झोपायची, संडासाची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन जा, ग्रँड कॅन्यनच्या पार्किंगमध्येच झोपा, एक पैसा लागत नाही," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. अमेरिकेतल्या या ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत ठरलेल्या कॅम्पग्राउंडबाहेर गाडीत रात्र काढायला बंदी आहे. फुकट मुक्काम चालतो तो दक्षिण दाराबाहेर, टुसायान गावालगतच्या कायबाब राष्ट्रीय वनात. तोही 30 दिवसांत जास्तीत जास्त 14 दिवस. तिथे ना नळ, ना वीज, ना कचरापेटी. पाणी टाकी भरूनच न्यायचं. कच्च्या रस्त्याकडेला जुन्या शेकोटीचं दगडी कडं दिसलं, की गाडी तिथेच लावा. नवी जागा तुडवू नका. उन्हाळ्यात अनेकदा आगबंदी असते, आधी चौकशी करा. आणि संडासाची टाकी जंगलात मुळीच रिकामी करू नका, कळकळीची विनंती आहे.