वादळ गाठायचं तर आग्नेयेकडून

उन्हाळ्यात माळरानावर उठलेल्या वावटळीचा व्हिडिओ दरवर्षी 'आपल्याकडे टॉर्नेडो आला' म्हणून फिरतो. तिकडे अमेरिकेतल्या ओक्लाहोमात खरा टॉर्नेडो झाला, की आपल्या बातम्यांत त्याचं 'चक्रीवादळ' होतं. ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. वावटळ निरभ्र आकाशाखाली तापलेल्या जमिनीवर उठते. चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि कित्येक दिवस टिकतं. टॉर्नेडो हा हवेचा गरगरता खांब, तो गडगडाटी ढगाखाली जमिनीला टेकतो, बहुतेकदा काही मिनिटंच. म्हणून तो पाहायला निघणाऱ्याला आधी ढग वाचता आला पाहिजे.

अमेरिकेत टेक्सासपासून नेब्रास्कापर्यंतच्या सपाट पट्ट्यात एप्रिल ते जून हा या पाठलागाचा हंगाम. दिवस सुरू होतो तो ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथल्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर या वादळांचा अंदाज देणाऱ्या सरकारी केंद्राच्या नकाशाने आणि फुग्यांनी मोजलेल्या उंचीवरच्या वाऱ्यांनी. मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा येते, पश्चिमेच्या पठारांवरून कोरडी. दमट हवेच्या डोक्यावर उबदार, कोरड्या हवेचं झाकण बसलेलं असतं. झाकण ढिलं असेल तर दुपारीच जागोजाग ढग उठून एकमेकांची वाट लावतात. फारच घट्ट असेल तर संध्याकाळपर्यंत आकाश कोरं. दुपारी चार-पाचच्या सुमाराला झाकण एखाद-दुसऱ्या जागीच फुटलं पाहिजे.

आता खरी गंमत. जमिनीलगत वारा मंद असतो, वर जोरात. जमिनीपासून सहा किलोमीटर उंचीपर्यंत हा फरक सेकंदाला २० मीटर किंवा अधिक असला, की फिरत्या ढगाची, म्हणजे सुपरसेलची, शक्यता वाढते. समईसाठी वात वळताना कापूस दोन तळव्यांत धरून वरचा हात पुढे सरकवतो, तेव्हा कापूस आडवा गोल फिरतो. हवेतही तशीच आडवी, न दिसणारी वळकटी तयार होते. ही वात मधोमध चिमटीत धरून उचलली, तर कमान होते आणि वरून पाहिल्यास तिच्या दोन पायांतले पीळ परस्परविरुद्ध दिसतात. ढगातली चिमूट म्हणजे सेकंदाला ४०-५० मीटर वेगाने चढणारी हवा. वरचा वारा पश्चिमेचा असेल तर वळकटी दक्षिणोत्तर असते. कमानीचा दक्षिणेकडचा पाय घड्याळाच्या उलट फिरतो, उत्तरेकडचा सुलट, आणि कधीकधी वादळ सरळ दुभंगून दोन होतात.

जमिनीलगतचा वारा दक्षिणेकडून आला तर मात्र वेगळंच घडतं. तेव्हा ढगात शिरणारी हवा वळकटीच्या अक्षाच्याच दिशेने वाहते, बंदुकीच्या गोळीसारखी स्वतःभोवती फिरत. अशी आधीच पिळलेली हवा वर वळली, की चढता झोतच्या झोत गरगरू लागतो.

पण हे फिरणं ढगाच्या अंगात, काही किलोमीटर उंचीवर असतं. नुसत्या चढत्या हवेने ते जमिनीला टेकत नाही, कारण पीळ उभा होईपर्यंत हवा वर गेलेली असते. त्यासाठी उतरणारी हवा लागते. पावसाने गारावलेली हवा ढगाच्या मागच्या अंगाने खाली घसरते, उतरता उतरता पीळ घेऊन जमिनीशी येते आणि मग पुन्हा वर ओढली जाऊन ताणली जाते. ताणली की बारीक, बारीक झाली की वेगवान: शाळेत शिकलेला कोनीय संवेगाचा नियमच. ही हवा फार थंड असली तर जड पडते, वर चढत नाही आणि सगळा डाव फसतो. बहुतेक सुपरसेल टॉर्नेडो न देताच विरतात.

म्हणून ढगाचा तळ खाली असावा लागतो. तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) यांतल्या फरकाला १२५ ने गुणलं, की तळाची उंची अंदाजे मीटरमध्ये मिळते. ओक्लाहोमात २८ आणि २१ अंश असतील तर ८७५ मीटर. मे महिन्यात विदर्भात ४२ आणि १८ असतील तर ३००० मीटर. इतक्या उंचावरून पडणारा पाऊस वाटेतच आटतो, हवा गार होऊन धाडकन आदळते आणि पत्रे उडतात. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे वरचे वारेही सहसा तितके जोरदार नसतात. वळवाचं नुकसान खरं, पण तो टॉर्नेडो नव्हे. उपखंडात टॉर्नेडो होतच नाहीत असं मात्र नाही. बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ च्या टॉर्नेडोत सुमारे १३०० माणसं गेली.

उभं कुठे राहायचं, हे याच रचनेतून ठरतं. वादळ सहसा ईशान्येकडे किंवा पूर्वेकडे सरकतं. पाऊस आणि मोठ्या गारा त्याच्या पुढच्या, उत्तरेकडच्या अंगाला असतात. पाऊस नसलेला काळा सपाट तळ नैऋत्येच्या टोकाला, आणि टॉर्नेडो त्याच्याखाली. म्हणून त्या तळाच्या आग्नेयेला काही किलोमीटरवर, वायव्येकडे तोंड करून थांबायचं. पाठीवर उबदार वारा लागत असतो, तो ढगाकडे ओढला जात असतो. तोच अचानक पश्चिमेकडून गार येऊ लागला, तर मागची उतरती हवा पोचली. गाडी सुरू करायची. उत्तरेकडून गारांतून घुसलात तर काचा फुटतात आणि बाहेर पडल्यावर टॉर्नेडो नाकासमोर असतो.

रडारवर विसंबू नये. पूर्ण आकाश चाळायला त्याला चार-सहा मिनिटं लागतात. ताशी ६० किलोमीटरचा टॉर्नेडो पाच मिनिटांत पाच किलोमीटर पुढे गेलेला असतो. मातीचे रस्ते पावसात चिखल होतात, म्हणून डांबरी रस्ता आणि दक्षिणेकडची वाट मोकळी ठेवायची. पुलाखाली आसरा घ्यायचा नाही: तिथे वारा आणखी जोराने घुसतो. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात पुलांखाली माणसं मेली.

टेकडी गावाला राखते, अशी समजूत तिकडेही होती. कॅन्ससच्या टोपेका शहराची श्रद्धा बर्नेट्स माउंड या टेकडीवर होती. ८ जून १९६६ ला टॉर्नेडो त्याच टेकडीवरून शहरात उतरला. वाऱ्याला टेकडीची श्रद्धा कळत नाही.

आणि नियम पाळूनही घात होतो. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रेनोजवळ पावसाच्या पडद्याआड टॉर्नेडो झपाट्याने ४.२ किलोमीटर रुंद झाला. आग्नेयेकडे सरकत होता, तो पूर्वेकडे आणि मग एकाएकी ईशान्येकडे वळला, वेगही वाढला. टॉर्नेडोच्या वाटेत उपकरणं ठेवून मोजमाप करणारे टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गाडीत असतानाच त्याच्या तडाख्यात सापडून मरण पावले. मोठ्या भोवऱ्यात छोटे भोवरे स्वतंत्र फिरत होते. त्यांतल्याच एकाने गाडी उचलली.